‘मला कुठे बाई वेळ?’ : हार्ट अटॅक आणि बायपासनंतर बायकांचा रिहॅब

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

हृदयविकाराच्या झटक्यानंतर किंवा बायपास, अँजिओप्लास्टी, झडपेच्या ऑपरेशननंतर करायचा देखरेखीखालचा व्यायाम, म्हणजे कार्डियाक रिहॅब, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रं इथे घेतली आहेत. पत्रं काही मुलींनी, सुनांनी आणि नवऱ्यांनी लिहिली आहेत. जिचं हृदय दुखावलं तिने स्वतः लिहिलेलीही आहेत.

प्रश्न : आईची (वय ६१) पाच आठवड्यांपूर्वी बायपास झाली. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या, पुढची तारीख आणि ‘हलकी हालचाल करावी’ एवढंच लिहिलंय. शेजारच्या काकांना याच ऑपरेशननंतर रिहॅबला जायला सांगितलं होतं. आईला कोणी काही बोललं नाही. तिला त्याची गरज नसेल का? (मुलगी, सांगली)

काकांना जेवढी गरज आहे तेवढीच आईलाही आहे. सांगायचं राहून गेलं, इतकाच त्याचा अर्थ. आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात पात्र पुरुषांपैकी सुमारे ४९ टक्क्यांना रिहॅबची चिठ्ठी मिळाली होती, बायकांपैकी ४० टक्क्यांना. प्रत्यक्ष नाव नोंदवण्यातही २०१४ च्या अशाच आढाव्यात पुरुष ४५ टक्के आणि बायका ३९ टक्क्यांच्या आत होत्या. गाळणी पहिल्या पायरीपासूनच लागते.

कारणं ओळखीची आहेत. बायकांना हृदयविकार सरासरीने उशिरा होतो, तोवर मधुमेह, गुडघे, थायरॉइड सोबत आलेले असतात. ‘या काय व्यायाम करणार’ असं डॉक्टरांनाही वाटतं आणि घरच्यांनाही. शिवाय डिस्चार्जच्या वेळच्या सूचना बहुधा मुलाला किंवा नवऱ्याला दिल्या जातात. स्वयंपाकघरात परत जायचं असतं ते मात्र तिला.

रिहॅब म्हणजे नुसती ट्रेडमिल नव्हे. पहिला टप्पा रुग्णालयातच होतो: खाटेवरून उठणं, श्वासाचे व्यायाम, व्हरांड्यात चालणं. दुसरा टप्पा घरी गेल्यानंतरचा, साधारण ८ ते १२ आठवड्यांचा. आठवड्यातून २-३ वेळा केंद्रात जायचं. पुष्कळ ठिकाणी १२ आठवड्यांत ३६ सत्रं असा पूर्ण कोर्स असतो. सुरुवातीच्या सत्रांत छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावून व्यायाम करून घेतात. सोबत रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, गोळ्या, आहार आणि मनःस्थिती यांच्याकडेही लक्ष दिलं जातं. तिसरा टप्पा स्वतःचा स्वतः, कायमचा. व्यायामावर आधारलेल्या रिहॅबच्या ८५ चाचण्यांचा आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रिहॅब केलेल्यांत हृदयामुळे होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, पुन्हा झटका येण्याचं आणि रुग्णालयात भरती व्हायचं प्रमाणही कमी होतं. त्या चाचण्यांत बायका कमीच होत्या, हे सांगायला हवं. पण फायदा फक्त पुरुषांना होतो असं मानायला काही आधार नाही.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा ‘व्यायाम चालेल ना?’ असं मोघम विचारू नका. ‘हो, चाला थोडं’ असं उत्तर मिळतं आणि विषय तिथेच संपतो. कागदावर चार गोष्टी लिहून मागा. एक, ‘कार्डियाक रिहॅबसाठी पाठवत आहे’ हे वाक्य, निदान आणि ऑपरेशनच्या तारखेसह. दोन, इकोमधला (हृदयाच्या सोनोग्राफीतला) ईएफचा आकडा, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो. तीन, किती किलोपर्यंत वजन उचलायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत. चार, व्यायामात नाडी किती वर जाऊ द्यायची. सोबत हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. वय वाढलं म्हणून तो आपोआप जात नाही, आणि बायपासमध्ये रक्त आणखी कमी होतं. हिमोग्लोबिन ८-९ इतकंच असेल तर दहा पावलांत धाप लागते आणि सगळे हृदयाला दोष देत बसतात.

आरोग्यविमा असेल तर पॉलिसीतला ‘डिस्चार्जनंतरचा खर्च’ हा भाग वाचा. बऱ्याच पॉलिसींत ६० किंवा ९० दिवसांपर्यंतचा खर्च धरतात, पण डॉक्टरांची लेखी चिठ्ठी नसेल तर फिजिओथेरपीचं बिल परत येतं. म्हणून वरची पहिली ओळ महत्त्वाची.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, ‘दिवसभर घरात राबते, त्याहून वेगळा व्यायाम कशाला?’ त्यांना काय सांगावं? अँजिओप्लास्टीला दोन महिने झाले. (सून, डोंबिवली)

सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. घरकामाला कष्ट लागतात. श्रम मोजायचं ‘मेट’ नावाचं एकक आहे: स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढा प्राणवायू लागतो तो १ मेट. उभ्याने स्वयंपाक साधारण २ ते ३, केर काढणं आणि फरशी पुसणं ३ ते ३.५, हाताने कपडे धुणं ४ च्या आसपास, सपाटीवर ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणंही ३.५ च्या जवळपास. आकडे पाहिले तर केर-फरशी आणि चालणं सारखंच.

फरक कामाच्या घडणीत आहे. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू एका लयीत आकसतात आणि सैल होतात, नाडी हळूहळू चढते आणि २०-३० मिनिटं एका पातळीवर टिकते. हृदय सुधारतं ते या टिकण्याने. घरकाम तुकड्यातुकड्यांचं. चार मिनिटं कणीक, दोन मिनिटं ओटा, मग दारावरची बेल. नाडी चढते, उतरते, कुठे ठरत नाही. त्यात हात वर करून डबे काढणं, उकिडवं बसून पुसणं, दम रोखून बादली उचलणं यात रक्तदाब एकदम उसळतो आणि पायांना चालना फारशी मिळत नाही. व्यायामात दर आठवड्याला भार थोडा वाढवता येतो. पोळ्या तेवढ्याच राहतात, पाहुणे आले की दुप्पट होतात.

म्हणून घरकाम हा रिहॅबचा व्यायाम नाही आणि ती विश्रांतीही नाही. ही दुसरी गोष्ट घरचे सोयीने विसरतात. ‘आई घरीच तर असते’ म्हणून तिला आराम मिळतो, असा हिशेब होतो. सांगायचंच असेल तर सासूबाईंना व्यायाम करा म्हणून सांगण्याआधी सकाळची पाऊण तासाची एक वेळ मोकळी करून द्या. त्या वेळेतला डबा, दूध, पाणी भरणं कोणाकडे, हे नावासकट ठरवा. दमून आलेल्या बाईला संध्याकाळी सातला ‘आता जा चालायला’ म्हणणं हे कामाची आणखी एक पाळी लावण्यासारखं आहे.

प्रश्न : ऑपरेशननंतर छातीच्या मधोमध टाके आहेत. काय उचलू, कसं झोपू, आत काय घालू, कोणी नीट सांगत नाही. विचारायची लाज वाटते. (वय ५४, कोल्हापूर)

बरं झालं विचारलंत. हा प्रश्न पुष्कळजणींच्या मनातच राहतो.

छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं. ते घट्ट जुळायला ६ ते ८ आठवडे आणि पुरतं भक्कम व्हायला १२ आठवडे धरा. तोवर वजनाची मर्यादा साधारण २ ते ४ किलो सांगतात. तुमच्या सर्जननी वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. घरातल्या वस्तूंत सांगायचं तर दुधाची एक लिटरची पिशवी चालेल. पाच लिटरचा तेलाचा डबा साडेचार किलोचा, तो नको. भरलेला पाच लिटरचा कुकर नको. पाण्याचा हंडा १२-१५ किलोचा, त्याचा विचारही नको. गॅसचं भरलेलं सिलिंडर ३० किलोच्या आसपास असतं. ते नुसतं तिरकं करून फिरवलं तरी छातीवर ताण येतो. वर्षाचं नातवंड ९ किलोचं. त्याला उचलू नका, तुम्ही बसा आणि त्याला मांडीवर चढू द्या.

वजनाइतकंच महत्त्व हात कसे वापरता याला आहे. कोपरं बरगड्यांना चिकटलेली ठेवून, दोन्ही हातांनी मिळून केलेली कामं हाडाला सोसतात. एक हात लांब करून केलेलं ओढणं-ढकलणं सोसत नाही: घट्ट दार, शटर, मिक्सरचं जाम झालेलं भांडं, लोणच्याच्या बरणीचं झाकण. सगळ्यांत घातक म्हणजे जमिनीवरून किंवा खाटेवरून दोन्ही हातांवर भार देऊन उठणं. जेवायला पाटाऐवजी खुर्ची घ्या. खाटेवरून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि पायांच्या जोरावर उठा. खोकताना, शिंकताना टॉवेलची घडी किंवा उशी छातीशी घट्ट धरा. कणीक मळणं आठव्या आठवड्यानंतर, तेही थोडी कणीक घेऊन आणि ओट्यापाशी उभं राहून. परातीवर अंगाचा भार टाकून मळणं तीन महिन्यांनी.

आता ब्रेसियर. ‘जखमेला हवा लागू दे’ म्हणून काही जणी महिनाभर काही घालत नाहीत. स्तनांचं वजन दोन्ही बाजूंना ओढतं तेव्हा मधल्या जखमेच्या कडा ताणल्या जातात. स्तन मोठे असतील तर जखमेचं खालचं टोक उसवण्याचा धोका खरा असतो. सुती, पुढून हूक असलेली, तार नसलेली, रुंद पट्ट्यांची ब्रेसियर नेहमीपेक्षा एक माप सैल घ्या आणि पहिले ६ ते ८ आठवडे दिवसा-रात्री घाला. शिवण जखमेवर घासत असेल तर मध्ये मऊ, कोरडी सुती पट्टी ठेवा. स्तनाखालच्या घडीत घाम साचतो आणि बुरशी होते. ती जागा रोज धुऊन टिपून कोरडी करा. पावडर, हळद, तूप काही लावू नका. लांब मंगळसूत्र नेमकं टाक्यांवर घासतं. तीन महिने आखूड घाला किंवा काढून ठेवा.

झोप पाठीवर, पाठीमागे दोन उशा. जखमेतून पाणी येणं, ताप, किंवा कूस बदलताना छातीत ‘कट’ असं हाड हलल्यासारखं वाटणं, यांतलं काहीही झालं तर तारखेची वाट न पाहता सर्जनकडे जा.

अँजिओप्लास्टी मनगटातून झाली असेल तर यातलं बहुतेक लागू नाही. त्या हाताने आठवडाभर जड उचलणं, कपडे पिळणं टाळा आणि घट्ट बांगड्या त्या हातात घालू नका.

प्रश्न : आमच्या तालुक्यात रिहॅब केंद्र नाही. जिल्ह्याला जाऊन यायला चार तास जातात. घरी होईल का? (नवरा, बीड जिल्हा)

होईल. घरी केलेला आणि केंद्रात केलेला कार्यक्रम यांची तुलना झाली आहे, आणि धोका कमी असलेल्या रुग्णांत फायदा सारखाच आढळला. अट अशी की सुरुवात मोजून व्हावी. ईएफ ४० पेक्षा कमी असेल, चालताना छातीत दुखत असेल, चक्कर येऊन पडणं झालं असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर पहिली काही सत्रं ईसीजीच्या देखरेखीखालीच करा.

बाकीच्यांनी मधला मार्ग घ्यावा. पहिल्या महिन्यात दोनदा केंद्रात जायचं, नंतर महिन्यातून एकदा, आणि दर आठवड्याला फिजिओथेरपिस्टला फोन किंवा व्हिडिओ कॉल. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे आणि ७५ च्या वरच्यांना प्रवास मोफत आहे, त्यामुळे प्रवासखर्चाची अडचण थोडी हलकी होते.

पहिल्या भेटीत सहा मिनिटांची चालण्याची चाचणी करून घ्या. ३० मीटरच्या सरळ व्हरांड्यात सहा मिनिटांत किती मीटर चालणं झालं, हा आकडा वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा. ३० मीटरच्या आसपास वाढ झाली तरी ती खरी सुधारणा समजतात; पुष्कळजणी त्याहून बरंच पुढे जातात.

घरचं एक सत्र असं. बसून ५ ते ७ मिनिटं अंग मोकळं करायचं: घोटे गोल फिरवणं, बसल्या जागी पाय आळीपाळीने उचलणं, खांदे मागे फिरवणं. मग सपाट जागेवर १० मिनिटं चाल. शेवटी ५ ते ७ मिनिटं वेग कमी करत नेणं. हा शेवटचा भाग कोणी करत नाही. एकदम थांबून खुर्चीत बसलं तर पायांकडे गेलेलं रक्त तिथेच राहतं, रक्तदाब पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मग ‘व्यायाम सोसत नाही’ असा शिक्का बसतो. मधल्या चालीत हळूहळू २-३ मिनिटं वाढवत न्या. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. आधी वेळ वाढवायची, मग वेग. रस्ता चढाचा असेल तर ठरलेल्या वेळेच्या निम्म्यावर परत फिरा, घर दूर राहायला नको.

जेवणानंतर दीड तास चालू नका. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आटपा. डिसेंबर-जानेवारीत उलट: गार हवेने रक्तवाहिन्या आवळतात, ऊन अंगावर येईपर्यंत थांबा आणि कानाला रुमाल बांधा. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. साडी नेसून अंगणात, गच्चीवर खुशाल चाला, पण ट्रेडमिलवर किंवा सायकलवर नको. पदर नाहीतर निऱ्या अडकतात. सलवार-कुडता असेल तर उत्तम, कुडता पुढून उघडणारा असला की ईसीजीच्या पट्ट्या लावताना संकोच होत नाही. केंद्रात पट्ट्या लावायला बाईच हवी, असं मागायला अजिबात कचरू नका.

स्नायूंचा व्यायामही हवा, तो बायकांना हमखास सांगायचा राहतो. अँजिओप्लास्टीनंतर साधारण तीन आठवड्यांनी, त्यातले दोन आठवडे चालणं नीट जमल्यावर सुरू करा. बायपासनंतर हात वापरून करायचे व्यायाम १२ आठवड्यांनंतरच. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली म्हणजे अर्धा किलोचं डंबेल. १० ते १५ वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस, उचलताना श्वास सोडायचा. पायांसाठी खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, १० वेळा. हे बायपासवाल्यांनाही आधी चालतं.

चालायचं नाही ते दिवस: ताप, रक्तदाब वरचा १८० किंवा खालचा ११० च्या वर, बसल्या जागी नाडी १२० च्या वर, किंवा दोन-तीन दिवसांत वजन २ किलोने वाढलेलं. वजनवाढ म्हणजे अंगात पाणी साचतंय, डॉक्टरांना कळवा. चालताना छातीत, जबड्यात, पाठीत आवळल्यासारखं वाटलं, मळमळून घाम फुटला, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर थांबा आणि बसा. सॉर्बिट्रेट दिलेली असेल तर एक गोळी जिभेखाली, बसूनच, उभ्याने घेतली तर चक्कर येते. पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८ ला फोन. ‘गॅस झाला असेल’ म्हणत ओवा चघळत बसण्यात बायकांची फार मोलाची वेळ जाते.

प्रश्न : फिटनेस घड्याळ म्हणतं माझी नाडी फारशी वाढतच नाही. मग व्यायाम होतोय का? (वय ५८, पुणे)

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉलसारखी ठोके मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर नाडी दाबलेलीच राहते. कमाल नाडी काढायचं ‘२२० वजा वय’ हे सूत्र तुमच्यासाठी नाही. गोळ्या चालू असतानाच स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून ईसीजी पाहायची तपासणी) झाली असेल तर हिशेब असा: समजा बसल्या नाडी ६६ आणि टेस्टमध्ये कमाल १२६. फरक ६०. त्याचे ४० ते ६० टक्के, म्हणजे २४ ते ३६, बसल्या नाडीत मिळवा. तुमचा पट्टा ९० ते १०२. टेस्ट झालेली नसेल तर बसल्या नाडीपेक्षा २० ते ३० ठोक्यांहून जास्त वर जाऊ देऊ नका.

आणि घड्याळापेक्षा दमाचं ऐका. ६ ते २० अशी बोर्गची मोजपट्टी असते: ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, ११ हलके, १३ थोडे जड, १७ फार जड. तुम्ही ११ ते १३ मध्ये राहायचं. चालताना सोबतीणीशी वाक्य पुरं बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येता कामा नये. गाणं जमलं तर वेग वाढवा, वाक्य तुटलं तर कमी करा.

प्रश्न : सोमवार, चतुर्थी, एकादशी असे माझे उपास आहेत. त्या दिवशी व्यायाम करू का? मधुमेह आहे. (वय ६३, नाशिक)

ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन, पोटात काही नसताना चाललात तर साखर एकदम उतरेल. चालण्याआधी तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी एक केळं किंवा दोन खजूर, १५ मिनिटं थांबा. २५० च्या वर असेल आणि बरं वाटत नसेल तर त्या दिवशी व्यायाम नको.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या आता हृदयासाठीही देतात. निर्जळी उपासाच्या दिवशी त्या घेतल्या तर अंगातलं पाणी कमी होतं आणि क्वचित, साखर फार चढलेली नसतानाही, रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. निर्जळी करूच नये. अगदी करणारच असाल तर गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना आदल्या आठवड्यात विचारा. याच गोळ्यांनी योनीमार्गाला खाज, बुरशी होऊ शकते. संकोचाने बायका कोणाला न सांगता गोळी सोडून देतात. बुरशीवर साधा उपचार असतो, हृदयाची गोळी सोडायची गरज सहसा पडत नाही.

उपासाच्या ताटाबद्दल एकच: साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, तूप आणि वर सैंधव. सैंधव हेही मीठच. वरी, ताक, फळ, रताळं यांवर भागवलंत तर बरं.

प्रश्न : गुडघे इतके दुखतात की चालणं होत नाही. डायक्लोफेनॅक घेऊन चालले तर? (वय ६६, सोलापूर)

नको. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पुन्हा झटक्याचा धोका वाढतो, अंगात पाणी साचतं आणि ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांच्या जोडीला पोटातून रक्तस्राव होऊ शकतो. औषधाच्या दुकानातून ‘अंगदुखीची गोळी’ मागून घेणं थांबवा. पॅरासिटामॉल चालतं, मात्रा डॉक्टरांकडून ठरवून. व्यायाम बसून करा: खुर्चीत बसून ‘चालणं’, पाय सरळ करून पाच आकडे धरणं, पाठीला टेकण असलेली व्यायामाची सायकल. मांडीचा पुढचा स्नायू सशक्त झाला की दीडेक महिन्यात गुडघाही थोडा ऐकतो. पाच-पाच मिनिटांचे चार तुकडे केले तरी चालतात.

प्रश्न : लघवीची गोळी घेतली की बाहेर पडता येत नाही, म्हणून केंद्राच्या दिवशी ती टाळते. चालेल का? (वय ५९, ठाणे)

टाळू नका, वेळ बदला. फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइडचा जोर बहुधा पहिल्या दोन ते चार तासांत असतो. डॉक्टरांना विचारून त्या दिवशी परत आल्यावर, दुपारी दोनच्या आत घ्या. खोकताना, चालताना लघवी थेंबथेंब होत असेल तर तेही सांगा. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून ५ आकडे धरणं आणि सोडणं, १० वेळा, दिवसातून तीनदा, दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. कित्येक बायका ‘जमत नाही’ म्हणून रिहॅब सोडतात, त्यामागे हे कारण असतं आणि ते नोंदवहीत कुठेच येत नाही.

प्रश्न : वय ३८. रक्तवाहिनीच्या आतला पदर सुटून हार्ट अटॅक आला. ब्लॉकेज नाही म्हणाले. मला रिहॅब लागतो का? आणि आणखी मूल हवं असेल तर? (रत्नागिरी)

लागतो. हा प्रकार तरुण बायकांतच जास्त दिसतो. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांतही होतो. पुन्हा तसंच होईल या धास्तीने बायका हालचालच बंद करतात. मध्यम व्यायाम सुरक्षित आहे. टाळायचं ते अतिजड वजन, दम कोंडून जोर लावणं आणि एकदम सुसाट वेग. मुलाबद्दल: गर्भधारणेचा विचार हृदयतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याशी आधी बोलून करा, कारण पुन्हा पदर सुटण्याचा धोका असतो. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या गोळ्या गर्भाला घातक आहेत. त्या चालू असतील तर खात्रीचं गर्भनिरोधन हवं, पण गोळ्या परस्पर बंद करू नका.

झडप बदललेल्या तरुण वाचकांसाठी जाता जाता: रिहॅब तुम्हालाही आहे. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असताना पाळीत रक्तस्राव वाढतो, म्हणून आयएनआरसोबत (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी) हिमोग्लोबिनही पाहात राहा. पालेभाजी बंद करू नका, रोज साधारण तेवढीच खा.

प्रश्न : रिहॅबऐवजी योग चालेल का? (निनावी)

भारतातल्या २४ केंद्रांत झटका आलेल्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित रिहॅबची चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आले. १२ आठवड्यांत १३ सत्रं. मृत्यू, झटके यांत ठाम फरक दिसला नाही, पण प्रकृती बरी वाटणं आणि आधीच्या कामांकडे परतणं यात फायदा दिसला. बायका योगवर्गाला जिमपेक्षा सहज जातात, हा मोठा गुण. चालणं चालू ठेवून जोडीला करा. कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडणं, शीर्षासन, सर्वांगासन सुरुवातीला वर्ज्य. बायपासनंतर तीन महिने भुजंगासन आणि हातांवर भार येणारी आसनंही.

प्रश्न : पत्नी दोन सत्रांनंतर जायला तयार नाही. ‘मला कुठे वेळ?’ म्हणते, मध्येच रडते. (सातारा)

झटक्यानंतरचं नैराश्य बायकांत अधिक आढळतं आणि रिहॅब सुटण्याचं ते मोठं कारण आहे. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास वाटलं का, कशातच मन लागेनासं झालं का, हे दोन प्रश्न तिला विचारा. एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टरांना सांगा. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

दुसरं, तिला केंद्रात काय दिसलं ते विचारा. सगळे पुरुष, सगळी यंत्रं, आणि ती एकटी? मग बायकांचा वेगळा गट किंवा वेगळी वेळ आहे का ते पाहा. नसेल तर आणखी दोघी-तिघींची नावं मिळवून केंद्राकडे एकत्र मागा. तीन जणी झाल्या की वेळ काढून देतात. वेळ सकाळी अकरानंतरची घ्या, डबे आणि पूजा उरकल्यावरची. आणि त्या दिवशीचा स्वयंपाक कोण करणार, हे तिने विचारायच्या आत तुम्ही सांगा.

प्रश्न : नवरा-बायकोचे संबंध कधीपासून? (निनावी, वय ४७)

दोन मजले न थांबता, छातीत न दुखता चढता आले की चालेल. बायपासनंतर ६ ते ८ आठवडे थांबा, आणि तीन महिने छातीवर किंवा हातांवर भार येणार नाही अशा स्थितीत. गुंतागुंत नसलेल्या अँजिओप्लास्टीनंतर आठवड्याभरात हरकत नसते. कोरडेपणामुळे दुखत असेल तर पाण्यावर आधारित वंगण औषधाच्या दुकानात मिळतं. छातीत दुखून सॉर्बिट्रेट घ्यावी लागली तर ते डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा, पुढच्या तारखेपर्यंत ठेवू नका.